ठिणगी मागे घेण्याची कुळकथा

एप्रिलमधली दुपार, गाडीत चार माणसं, मागे सामान. महाडकडून येताना माझेरी सोडून वरंधा घाट चढायला लागलं की एका वळणावर गाडीचा दम तुटतो. चालक गिअर खाली घेत नाही, नुसता ॲक्सिलरेटर दाबतो, आणि बॉनेटखालून बारीक, कोरडी किटकिट सुरू होते. खानापूर-रांजणेमार्गे पाबे घाट चढून वेल्ह्याला जाणाऱ्यांच्याही ती ओळखीची आहे. भोरच्या गॅरेजात सांगितलं तर उत्तर ठरलेलं: गाडी नॉक मारतेय, टायमिंग बघावं लागेल. साध्या इंजिनानं ही किटकिट बरीच सोसली असती. टर्बो बसवलेल्या जुन्या इंजिनात मात्र ती पिस्टनच्या रिंगांमधली कड फोडते, आणि ते कळेपर्यंत इंजिन उघडण्याची वेळ आलेली असते.

प्लगवर ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमधलं सगळं मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपासून कडेकडे सरकत जाते आणि तिला दोनेक मिलिसेकंद लागतात. हा काळ नगण्य वाटतो, पण 3000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्याला पोचण्याच्या कितीतरी अंश आधी ठिणगी टाकावी लागते. दाबाचा कळस पिस्टन माथा ओलांडून साधारण 15 अंश उतरल्यावर यावा, म्हणजे ढकलणं वाया जात नाही. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढतो. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण त्या दाबानं आणि उष्णतेनं ज्योतीची वाट न पाहता आपलं आपणच भडकतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटू लागतात. 81 मिलिमीटर बोअरमध्ये हे थरथरणं सेकंदाला सुमारे 7000 वेळा होतं. घाटात ऐकू येते ती किटकिट हीच.

ठिणगी कधी टाकायची, हे आधी माणूसच ठरवत असे. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, म्हणजे 1908 ते 1927 या काळात, स्टिअरिंगखाली दोन दांडे होते: उजवीकडचा पेट्रोलचा, डावीकडचा ठिणगीचा. हँडल मारताना ठिणगी मागे, म्हणजे उशिरा, ठेवायची, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडे. गाडी धावू लागली की ती पुढे घ्यायची, आणि चढ लागून इंजिन जड झालं की पुन्हा थोडी मागे. चांगला ड्रायव्हर हे कानानं करी.

पुढे हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटात गेलं. शाफ्टवर दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. बाजूला पडद्याची एक डबी. तिची नळी कार्बोरेटरला जोडलेली. पाय हलका असताना मॅनिफोल्डमधल्या ओढीमुळे डबी ठिणगी आणखी काही अंश पुढे घेते, आणि पाय पूर्ण दाबला की ते अंश सोडून देते. जुन्या लुकास डिस्ट्रिब्युटरवर तर हातानं फिरवायची एक छोटी चाकी असे आणि खुणेला ‘ए’ (पुढे) आणि ‘आर’ (मागे) ही अक्षरं. हलकं पेट्रोल मिळालं की ‘आर’कडे दोन खुणा.

याच काळात दुसरी वाट निघाली, ती रसायनाची. 9 डिसेंबर 1921 रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा उपयोग सापडला. चिमूटभर शिसं पेट्रोलमध्ये मिसळलं की नॉकिंग थांबतं. जगानं ते आनंदानं स्वीकारलं आणि पुढची अनेक दशकं ते विष रस्त्यांवर, मुलांच्या रक्तात साठत राहिलं. भारतातून शिसेयुक्त पेट्रोल जायला 2000 साल उजाडलं. काही अंश ठिणगी मागे घेतली तर थोडी ताकद जाते, थोडं पेट्रोल जास्त लागतं. ती किंमत द्यायला जग इतकं नाखूश होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

टर्बोनं हा जुना हिशेब उलटवला. वजनं आणि स्प्रिंगा फक्त वेग ओळखतात. टर्बो मात्र त्याच वेगाला, पाय दाबताच, सिलिंडरमध्ये जास्त आणि जास्त तापलेली हवा कोंबतो. दाटलेलं मिश्रण भरभर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा हवी. आणि कोपऱ्यातलं मिश्रण आधीच भडकण्याच्या बेतात असतं, म्हणून आणखी उशिरा. जुन्या इंजिनाला टर्बो लावणाऱ्या मेकॅनिक मंडळींचा जगभर चालणारा ठोकताळा असा की दर पीएसआय बूस्टमागे, म्हणजे टर्बोनं वाढवलेल्या दाबामागे, साधारण एक अंश मागे. ही फक्त सुरुवातीची खूण, तिच्या पुढे इंजिनालाच विचारावं लागतं. काही कारखान्यांनी डिस्ट्रिब्युटरला उलट काम करणारी डबी लावली, बूस्ट आला की ठिणगी मागे ओढणारी. ब्यूइकनं 1978 च्या टर्बो व्ही-सिक्सला नॉक सेन्सर दिला: थरथर ऐकून ठिणगी आपोआप मागे घेणारा. साबच्या पेर गिलब्रांड यांची पद्धत पुढच्या काही वर्षांत आली. तिचा सेन्सरही तीच थरथर ऐके, पण ठिणगीऐवजी बूस्टच कमी करी. इंजिनाचा आवाज ऐकण्याचं जे काम मॉडेल टीच्या ड्रायव्हरकडे होतं, ते या टप्प्यावर एका सेन्सरकडे आलं.

आपल्याकडे ही विद्या पेट्रोल टर्बोच्या रूपानं उशिरा पोचली, पण महाराष्ट्रातूनच पसरली. 2004 मध्ये औरंगाबादला जुळवलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली, 1.8 लिटर, 150 अश्वशक्ती. 2010 मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावातून फियाट लिनिया टी-जेट निघाली, 114 अश्वशक्ती. या गाड्या आता जुन्या झाल्या, हातोहाती फिरल्या. शनिवारी-रविवारी राजगड-तोरण्याच्या पायथ्याला, भाटघरच्या काठानं त्या दिसतात तेव्हा मला त्यांच्या मालकांशी बोलावंसं वाटतं. यातल्या अनेकांनी रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले ठिणगी-बूस्टचे तक्ते बदलून, बूस्ट वाढवलेला असतो. बूस्ट वाढवणं सोपं आहे. वाढलेल्या बूस्टच्या रकान्यांत ठिणगी मागे घेतली का, हे विचारणारा क्वचितच भेटतो. उलट ‘पिकअप’साठी ती आणखी पुढे घेतलेली सापडते. आपल्या पंपांवरचं साधं पेट्रोल बरीच वर्षं 91 ऑक्टेनचं होतं आणि युरोपातलं साधं 95 चं. तिकडचा मॅप इथे जसाच्या तसा चढवला तर वरंध्याच्या चढावर त्याची परीक्षा होते.

सेन्सर आहे ना, तो सांभाळून घेईल, या भरवशावर राहू नये. तो नॉक झाल्यावरच ठिणगी मागे घेतो, आधी नाही. शिवाय त्याचा बोल्ट ऑक्टाव्हियाच्या इंजिनात 20 न्यूटन-मीटरनेच आवळायचा असतो. अंदाजानं कचकचून आवळला तर सेन्सरला भलतंच ऐकू येतं. आणि ठिणगी मागे घ्यायलाही हद्द आहे: फार उशीर केला तर जळण एक्झॉस्टपर्यंत रेंगाळतं आणि टर्बो लालबुंद होतो. तापलेल्या प्लगमुळे किंवा काजळीच्या निखाऱ्यामुळे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटत असेल, तर टायमिंग कितीही मागे घ्या, उपयोग नाही. तिथे थंड गटाचा प्लग आणि साफसफाईच लागते.

म्हणून घाटाला जाताना मेकॅनिकनं लॅपटॉप जोडून शेजारी बसावं. ऑक्टाव्हियासारख्या गाडीचा संगणक प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे घेतली, हे आकड्यांत दाखवतो. पाबे घाटाच्या चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण बूस्टवर चारही सिलिंडर मोठे आकडे दाखवत असतील तर मॅपमध्येच ठिणगी तेवढी मागे घ्यावी किंवा बूस्ट उतरवावा. तीन सिलिंडर शांत आणि एकटाच सहा अंश मागे ओढला जात असेल, तर मॅपला हात लावू नये. त्या सिलिंडरचा प्लग काढून आधी बघावा.