डॉ. जयंत विष्णु नारळीकर : एका संशोधकाची जडणघडण

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आज महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि 'पदवी झाली, आतां पुढें काय?' हा प्रश्नही तेथें वारंवार निघत असेल. अशा घरांस एका महाराष्ट्रीय संशोधकाचा आरंभीचा मार्ग ठाऊक असावा, एवढ्याच हेतूनें हा अल्प लेख लिहिला आहे.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरास झाला. बालपण मात्र काशीस गेलें. वडील विष्णु वासुदेव हे केंब्रिजचे रँग्लर असून काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणित शिकवीत. मातोश्री सुमतिबाई संस्कृतच्या विदुषी. शाळेंतील शिक्षण हिंदींत, घरची भाषा मराठी. घरांत भिंतीवर फळे लाविलेले असत. मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांवर जयंतास आव्हान म्हणून एखादें अवघड गणित लिहीत, आणि तें सुटेपर्यंत किंवा मुलगा हात टेकीपर्यंत तसेंच राही. हल्लींच्या शिकवणीवर्गांहून असा एक फळा अधिक उपयोगी, असें आमचें मत आहे.

१९५७ सालीं बी. एस्सी. होऊन टाटा शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. तेथें गणिताच्या परीक्षेंत सर्वांत वरचें स्थान मिळविल्यावर त्यांनीं फ्रेड हॉईल यांच्या हाताखालीं संशोधन आरंभिलें. हॉईल यांचें म्हणणें असें कीं, विश्व प्रसरण पावतें खरें, परंतु त्यास आरंभ नाहीं; आकाशगंगा दूर जातात तसतसें नवें द्रव्य निर्माण होऊन घनता कायम राहते. उलट पक्षाचा मूळ विचार १९३१ सालीं मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथोलिक धर्मगुरु होते. आपला सिद्धांत धर्मश्रद्धेचा पुरावा म्हणून कोणीं पुढें करूं नये, असा लमेत्र यांचाच आग्रह होता, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

१९६१ च्या फेब्रुवारींत मार्टिन राईल यांनीं रेडिओ-स्रोतांच्या गणनेवरून हॉईल यांचें मत खोटें ठरल्याचें जाहीर केलें. लंडनच्या सभेंत उत्तर देण्यास हॉईल यांस सवड नव्हती. तें काम त्यांनीं आपल्या बावीस वर्षांच्या शिष्याकडे सोंपविलें! संशोधनाचें तें त्याचें पहिलेंच वर्ष. १९६३ त डॉक्टरेट, १९६४ त गुरूसह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत, १९६५ त पद्मभूषण.

त्याच १९६५ सालीं पेंझियास व विल्सन यांस आकाशाच्या सर्व दिशांनीं येणारें मंद सूक्ष्मतरंग-प्रारण आढळल्याचें प्रसिद्ध झालें, आणि बहुतेक शास्त्रज्ञ लमेत्र यांच्या बाजूस गेले. नारळीकर गेले नाहींत. शंका घेणें हें त्यांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला, असेंच आज बहुतेक मानतात; तथापि पुराव्याची कसोटी कडक राहण्यास असा एक विरोधक लागतो, असें आम्हांस वाटतें.

१९७२ सालीं केंब्रिज सोडून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. १९८८ सालीं पुण्यास 'आयुका' स्थापन झाली, ती त्यांच्या नेतृत्वाखालीं. विद्यापीठांतील अध्यापकांस व विद्यार्थ्यांस तेथें येऊन खगोलशास्त्राचें संशोधन करतां यावें, हा तिचा हेतु. २० मे २०२५ रोजीं पुण्यासच त्यांचें देहावसान झालें. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस आपल्या मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्यांत उभारण्यासाठीं २०२३ सालीं केंद्र सरकारची मान्यता मिळाली, आणि त्या कार्यांत 'आयुका' सहभागी आहे.