सोलापूरची तार आणि तिचे आवरण

पेशवाईच्या काळी महत्त्वाचा खलिता रवाना करावयाचा झाला म्हणजे काशीद एकटा न पाठविता जोडीने पाठविण्याचा प्रघात होता. एक आजारी पडला, नदीच्या पुरात अडकला किंवा वाटमाऱ्यांच्या हाती सापडला तरी दुसऱ्याने मजकूर पोहोचवावा, असा त्यामागील हिशेब. संदेश जातो तो केवळ वाहकाच्या वेगामुळे नव्हे, वाटेतील विघ्नांचा बंदोबस्त आधीच केलेला असतो म्हणून जातो, ही जाणीव या मुलखाच्या राज्यकारभारात विजेची तार येण्याच्या पुष्कळ आधीपासून मुरलेली होती. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा भुईकोट किल्ला घेतला, तेव्हा ती बातमीही माणसांच्या आणि घोड्यांच्या पायांनीच इलाखाभर पसरली. पुढे बेचाळीस वर्षांनी त्याच सोलापुरात आगगाडी आली आणि रुळांच्या कडेने खांबांची रांग उभी राहिली. त्या खांबांवरील तारेच्या पराक्रमाविषयी बरेच लिहिले गेले आहे. तिला ऊन, पाऊस, वीज, चोर आणि शेजारची दुसरी तार यांपासून राखण्यासाठी मनुष्याने जी योजना केली तिच्याविषयी मात्र फार थोडे, आणि माझ्या मते या विद्येचा खरा इतिहास त्या योजनेतच आहे.

हिंदुस्थानात या योजनेचा पहिला विचार केला तो विल्यम ब्रूक ओशॉनेसी या कलकत्त्याच्या वैद्यकशास्त्राच्या व रसायनशास्त्राच्या अध्यापकाने. १८३९ मध्ये त्याने कलकत्त्याजवळ बांबूंवर तार टांगून मैलोगणती अंतरावर विजेचे संकेत पाठवून पाहिले, आणि १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही ओळ उभी केली तेव्हा युरोपात रूढ असलेली बारीक तार बाजूस सारून जाडजूड लोखंडी सळ्याच वापरल्या. त्यावर माकडांनी झोके घ्यावे, घारी-कावळ्यांनी रांगेने बसावे, वादळाने झोडपावे, तरी ती तुटू नये, हा त्याचा आग्रह होता. जेथे ही ओळ जमिनीखालून न्यावी लागली तेथे त्याने सळईवर डांबरात भिजविलेल्या मद्रासी कापडाचे दोन थर गुंडाळले आणि ती घरावरच्या कौलांत राळ व वाळू यांचे वितळविलेले मिश्रण भरून त्यांत बसविली. विलायतेहून आयात केलेल्या मालाची वाट न पाहता बाजारात मिळणारे कापड, राळ आणि कुंभाराची कौले एवढ्यांवर ज्याने काम भागविले, त्या माणसाच्या कल्पकतेपुढे आजच्याही अभियंत्याने नम्र व्हावे. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. बोरघाटातून आगगाडी चढण्यास १८६३ साल उजाडावे लागले, परंतु तार त्यापूर्वीच सह्याद्री ओलांडून पलीकडे गेलेली होती.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. स्टेशनास्टेशनांवर तारयंत्राचे कडकट्ट सुरू झाले, आणि एका स्टेशनाने दुसऱ्या स्टेशनास विचारल्याशिवाय गाडी सोडावयाची नाही ही शिस्त हळूहळू याच तारेच्या भरवशावर उभी राहिली. ही तार म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली उघडी लोखंडी तार. तिच्या अंगावर आवरण असे काहीच नसे. चोहोंकडची कोरडी हवा हेच तिचे आवरण, आणि जेथे ती खांबाला टेकते तेवढ्याच जागी तिला खऱ्या संरक्षणाची गरज. त्यासाठी चिनी मातीची वाटी योजलेली असे. ही वाटी पालथी का, आणि तिच्या पोटात आणखी एक वाटी का, याचे उत्तर सोलापूरच्या हवामानात फार स्पष्टपणे मिळते. येथे आठ महिने धूळ उडते. ती वाटीच्या बाहेरील अंगावर बसते, आणि वळवाच्या पहिल्या सरीने भिजली म्हणजे तिचा ओला लेप होऊन विद्युत्प्रवाह तारेवरून खांबात व खांबातून जमिनीत पाझरू लागतो. एका खांबावरील पाझर नगण्य असतो, पण मैलागणिक कित्येक खांब आणि शंभर मैलांची ओळ असा गुणाकार केला म्हणजे दूरच्या टोकाशी यंत्राची पट्टी हलविण्याइतकाही प्रवाह शिल्लक राहत नाही. आतील वाटीचा पोकळ भाग पावसाच्या शिंतोड्यांपासून दूर, कोरडा राहतो, आणि तेवढ्या बोटभर कोरड्या पृष्ठभागावर सारा व्यवहार तगून असतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. सोलापूरचा वैशाख ज्याने अनुभवला आहे त्यास हे सांगावयास नको की माघातील पहाट आणि वैशाखातील दुपार यांच्या तपमानात तीस अंशांचे अंतर सहज पडते. दोन खांबांमधील साठ मीटर लोखंडी तार तेवढ्या फरकाने जेमतेम दोन सेंटिमीटर लांब होते. परंतु या दोन सेंटिमीटरांनी तारेचा झोळ मात्र त्याच्या कितीतरी पट खाली उतरतो, आणि शेजारच्या दोन तारा वाऱ्याने एकमेकींस भिडून दोहोंवरील मजकूर एकमेकांत मिसळतो. उन्हाळ्यात तार ताणून बसवावी तर थंडीत ती आखडून तुटण्याची भीती. म्हणून तार ओढताना त्या दिवशीचे तपमान पाहून किती झोळ ठेवावयाचा याचे कोष्टकच लाईनमनला जवळ बाळगावे लागे.

तिसरी गोष्ट जमिनीची. म्युनिकच्या स्टाइनहाइलने १८३८ मध्ये दाखवून दिले होते की प्रवाहाच्या परतीसाठी दुसरी तार लागत नाही, पृथ्वीच ते काम करते. निम्मी तार वाचली, हा केवढा तरी लाभ. पण पृथ्वीशी तो संबंध अखंड ओला असला पाहिजे. आमची काळी जमीन पावसाळ्यात चिंब असते तोवर काही प्रश्न नसतो, परंतु चैत्र-वैशाखात तिला हात-हातभर भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या पत्र्याभोवती कोरडी पोकळी तयार होते. त्यासाठी खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरावयाचे आणि उन्हाळ्यात नेमाने पाणी घालावयाचे, ही साधी तजवीज. दुष्काळी वर्षात माणसाला पिण्यास पाणी दुर्मिळ असताना तारेच्या खड्ड्यात घागर ओतणाऱ्या खलाशाच्या मनात काय येत असेल, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो. विजेच्या कडकडाटापासून यंत्र वाचविण्यासाठी दातेरी पितळी पट्ट्यांची जोडी समोरासमोर, केसभर अंतर राखून बसवीत. संदेशाचा मंद प्रवाह ती फट ओलांडू शकत नाही, आकाशातील विजेचा लोंढा मात्र ती ओलांडून थेट जमिनीत उतरतो.

१८७१ मध्ये सोलापूरहून पुढे गेलेला रूळ रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाला आणि सोलापूर हे मुंबई-मद्रास मार्गावरील मधले ठाणे झाले. कापसाचे आणि धान्याचे भाव तारेने येऊ लागले. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात या तारांनी सरकारास खबरी दिल्या हे खरे, परंतु एका पेठेतील चढा भाव त्याच दिवशी दुसऱ्या पेठेत पोहोचविण्याचे कामही त्यांनीच केले, हेही इतिहासाने नमूद केले पाहिजे. तार निर्दोषपणे चालली म्हणजे तिच्यावरून गेलेला मजकूर कल्याणकारी असतोच असे नाही.

याच सुमारास समुद्राखालच्या तारेने आवरणाची विद्या निराळ्या दिशेने वाढविली. मलायातील एका झाडाचा चीक, गटापर्चा, १८४३ च्या सुमारास लंडनमध्ये आला; तो गरम पाण्यात मऊ होई, थंड पाण्यात घट्ट राही आणि विजेला जाऊ देत नसे. १८५० मध्ये इंग्लिश खाडीत टाकलेली तार नुसत्या गटापर्च्यावर विसंबून होती. ती लगेच निकामी झाली. पुढल्या वर्षीच्या तारेवर लोखंडी तारांचे चिलखत चढविण्यात आले आणि ती टिकली. फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनकडे केबल टाकली, आणि त्याच वर्षी मुंबई व इंग्लंड समुद्रमार्गे जोडली गेली. विल्यम टॉमसनने गणिताने सिद्ध केले होते की अशा केबलची लांबी दुप्पट झाली तर संकेताचा विलंब चौपट होतो, म्हणून वाहक जाड आणि आवरणही जाड असले पाहिजे. १८५८ च्या अटलांटिक केबलवर अतिरिक्त दाबाचा प्रवाह सोडून ती काही आठवड्यांतच जाळणाऱ्यांनी हे गणित मानले नव्हते. मात्र समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा हा चीक दख्खनच्या कोरड्या उन्हात आणि मोकळ्या हवेत तडकून भुगा होतो. मुंबईच्या किनाऱ्यावर जे आवरण सर्वोत्तम, ते सोलापुरात कुचकामी. सोलापूरची उघडी तार मुंबईच्या समुद्रात क्षणभरही न टिकती. आवरणाचा विचार त्या त्या भूमीचा विचार केल्यावाचून होत नाही.

दूरध्वनी आला तेव्हा पृथ्वीवर भिस्त ठेवून भागेना. तारेच्या कट्ट-कड्ड संकेतात थोडी खरखर मिसळली तरी तारबाबूचा कान मजकूर निवडून घेई. मनुष्याच्या बोलण्यात मात्र शेजारच्या तारेवरील बोलणे उमटू लागले. एका तारेतील बदलता प्रवाह आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि ते क्षेत्र शेजारच्या तारेत प्रवाह उत्पन्न करते, हे त्याचे कारण. उपाय दोन: प्रत्येक संभाषणास स्वतःच्या दोन तारा द्यावयाच्या, आणि त्या दोन तारांची जागा ठराविक खांबांनंतर अदलाबदल करावयाची, म्हणजे बाहेरील उपद्रव दोहोंवर सारखाच पडून परस्परांस छेदतो. केबलमध्ये हीच अदलाबदल पिळाने साधतात. सोलापूरच्या विणकरास हे समजावून सांगण्यास फार प्रयास पडणार नाहीत, कारण दोन पदरी सुताला पीळ देताना कोणताच पदर सतत वर किंवा सतत खाली राहत नाही, हे तो रोज पाहतो. फरक एवढाच की केबलमधील शेजारच्या जोड्यांचा पीळ मुद्दाम असमान ठेवावा लागतो. दोन जोड्यांचा पीळ एकाच अंतराचा असला तर त्यांची वळणे जुळतात आणि एकीचे बोलणे दुसरीत शिरते. अशा शेकडो जोड्या, प्रत्येक तांब्याच्या तारेभोवती कोरड्या कागदाची सैल पट्टी, आणि सर्वांवर शिशाची अखंड नळी, अशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शहरी केबल असे. कागद ओला झाला की सारे संपले. म्हणून सांधा जोडणारा कारागीर पावसाळ्यात खड्ड्यावर तंबू उभारून, कागदावर वितळलेले मेण ओतून आतील दमटपणा घालवीत असे.

खांबांवरील लोखंडाची जागा तांब्याने घेतली तशी एक नवी आपत्ती उभी राहिली. तांबे वितळवून विकता येते. चोरीचा इतका उपद्रव झाला की १९५० मध्ये संसदेला तारयंत्राच्या तांब्याच्या तारा बेकायदा बाळगण्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला.

परंतु खांबांवरील या तारांचा खरा अंत चोरांनी केला नाही, विजेच्या गाडीने केला. मुंबई-पुणे मार्ग १९३० च्या सुमारास विजेवर आला तो १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, आणि तशा प्रवाहाचा शेजारच्या तारांस त्रास बेताचाच होतो. सोलापूरचा मार्ग विजेवर आला तो २५,००० व्होल्टच्या, सेकंदाला पन्नास आवर्तने घेणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहावर. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाली ती याच विद्युतीकरणाच्या आधारावर. अशा वाहिनीला मैलोगणती समांतर जाणाऱ्या उघड्या तारेत इतका दाब उत्पन्न होतो की बोलणे तर राहोच, तिला हात लावणाऱ्याच्या जिवाला धोका होतो. म्हणून विद्युतीकरणाबरोबर दळणवळणाची तार जमिनीत जाते: चार-चार वाहकांचे पिळलेले गुच्छ, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचे वेष्टन, त्यावर पोलादी पट्ट्यांचे चिलखत आणि सर्वांवर प्लास्टिक. अ‍ॅल्युमिनियमच्या वेष्टनाची दोन्ही टोके जमिनीस जोडलेली असतात. गाडीच्या प्रवाहाने त्या वेष्टनातच उलट प्रवाह निर्माण होतो आणि आतील वाहकांवरील परिणाम बव्हंशी खोडून काढतो. म्हणजे आवरण येथे नुसते आड उभे राहत नाही, ते शत्रूच्या बळानेच शत्रूला परतवते. ही कल्पना मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर वाटते.

पुढचा टप्पा काचेचा. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये शुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाशाने संदेश दूरवर जातील असे मांडले; १९७९ मध्ये भारतातील पहिली प्रकाशतंतू-व्यवस्था बसली ती पुण्याच्या दूरध्वनी केंद्रांत. रेल्वेच्या कडेने अशा केबलचे जाळे विणण्यासाठी २००० मध्ये रेलटेल कंपनी स्थापन झाली. काचेला चुंबकीय क्षेत्राची बाधा नाही, तांब्यासारखे तिला चोर बाजारात गिऱ्हाईक नाही; तिचे शत्रू निराळे, म्हणजे ताण, बारीक वळण आणि ओल. म्हणून तंतू केबलपेक्षा किंचित लांब ठेवून, चिकट लुकण भरलेल्या नळीत सैल सोडतात, जेणेकरून केबल ताणली गेली तरी ताण तंतूपर्यंत पोहोचू नये. काचेच्या या निर्भयतेमुळेच अतिउच्च दाबाच्या मनोऱ्यांच्या शेंड्यावर, आकाशातील वीज झेलणाऱ्या संरक्षक तारेच्या पोटातही तंतू ठेवता येतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली जाऊन दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एकतालात आले. एवढी प्रचंड जोडणी क्षणाक्षणाच्या मोजमापाचे संदेश अखंड पोहोचल्याखेरीज चालविताच येत नाही.

पुरलेल्या केबलसाठी आमची काळी माती सर्वांत कठीण परीक्षक आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि आपल्याबरोबर केबललाही ओढते. म्हणून सुमारे मीटरभर खोल चर खणून, तळाशी वाळू अंथरून, केबलवर पुन्हा वाळू घालून, त्यावर विटांचा थर देण्याची रीत आहे. वाळू मातीची ओढ तोडते आणि वीट लागली की खणणाऱ्याचा हात थांबतो. खणण्याचे यंत्र मात्र विटेने थांबत नाही. आज शहरातील रस्ते पाण्याच्या नळासाठी, गटारासाठी, काँक्रीटसाठी वारंवार खणले जातात, आणि केबल तुटण्याचे प्रमुख कारण आता वळीव किंवा वीज हे नसून एका खात्याचा चर दुसऱ्या खात्यास ठाऊक नसणे हे आहे. त्यावर तांत्रिक तजवीज एवढीच की प्रत्येक सांध्याच्या खड्ड्यात आणि पुलांच्या दोन्ही अंगांस काही मीटर जादा केबल वेटोळे करून ठेवतात, रुळापासूनचे तिचे अंतर नकाशावर नोंदवितात, आणि तुटले की एका टोकाकडून प्रकाशाचा स्पंद सोडून तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून तुटीची जागा काही मीटरांच्या आत हुडकून, जादा वेटोळ्यातून केबल ओढून घेऊन, तंतूला तंतू वितळवून जोडतात.