जुन्या व्हीएचएस कॅसेटी घरी डिजिटल करताना चित्रातील दोष कसे कमी करावेत

जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात लेण्यांचे तीन गट आहेत. त्यातल्या एकाचे नाव भीमाशंकर. (आंबेगाव-खेडच्या घाटमाथ्यावरचे भीमाशंकर वेगळे, बाहेरून येणाऱ्यांचा इथे नेहमी घोळ होतो.) या गटात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा शिलालेख आहे. त्यावर वर्ष ४६ कोरलेले आहे. हे शक वर्ष धरले तर इ. स. १२४ च्या सुमाराचा तो लेख आजही वाचता येतो. पण त्याच परिसरातल्या घरांत, कपाटावर ठेवलेली १९९१ च्या जन्मशताब्दीची कॅसेट लावली तर पडद्यावर निव्वळ मुंग्या येण्याची शक्यता मोठी आहे.

१९८० आणि ९० च्या दशकांत वस्त्यांत, विहारांत, लग्नांत जे शूटिंग झाले ते बहुतेक व्हीएचएसवर. नामांतराच्या लढ्यातल्या सभा, १४ जानेवारी १९९४ नंतरचे जल्लोष, गावोगावचे गायनाचे कार्यक्रम, धम्मदीक्षेचे सोहळे हे सारे वर्तमानपत्रांत फार थोडे आले. अनेक गावांत त्या दिवसांचा एकमेव पुरावा म्हणजे कोणाच्या तरी घरातली एक कॅसेट. आनंद पटवर्धन यांनी १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर चित्रीकरण सुरू केले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ २०११ मध्ये पूर्ण केला. चौदा वर्षांचे चित्रीकरण जपले म्हणून तो चित्रपट झाला. आपल्या गावात हे जपण्याचे काम आपणच करायचे आहे. शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रे आता दरवर्षी कमीच होत जाणार.

यंत्रात घालण्याआधी

चित्रातले निम्मे दोष संगणकापर्यंत पोहोचण्याआधीच रोखता येतात, आणि नेमके इथेच लोक घाई करतात.

पहिले काम, कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची छोटी टिकली मोडून टाका. ती असेल तर चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले की मूळ चित्रीकरण पुसले जाते. मग खिडकीतून रिळाची कड उजेडात पाहा. पांढरट पूड किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. घाटमाथ्याच्या पावसात चार महिने ओल धरलेल्या घरांत ही फार आढळते. अशी कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती इतर कॅसेटींपासून वेगळी काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून सुकवा. उन्हात ठेवू नका. नंतर ती साफ करायची तर त्यासाठी एक वेगळे, वाया गेले तरी चालेल असे यंत्र ठेवा आणि नाकातोंडाला रुमाल बांधा.

बुरशी नसलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या फितीचा ताण सारखा होतो आणि चित्राचा वरचा भाग वाकडा होणे, डुलणे कमी होते.

यंत्राचे हेड साफ करायचे तर आधी प्लग काढा. शॅमॉय चामड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून गोल ड्रमवर हलकेच धरा आणि ड्रम हाताने फिरवा. चामडे वरखाली घासू नका, हेड तुटते. कापसाची काडी ड्रमवर वापरू नका, तंतू हेडमध्ये अडकतात. रबरी चाकाला आणि फितीच्या वाटेला मात्र काडी चालेल.

वायर आणि यंत्र

एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन कॅसेटी मिळाल्या तर मूळ कोणती ते शोधा. प्रतीवरून काढलेल्या प्रतीत रंग उजवीकडे आणि खाली सरकतात, चेहऱ्यांच्या कडा विरघळतात. ते नंतर नीट होत नाही. नातेवाइकांकडे एक फोन करणे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

फितीवर उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती वेगवेगळी नोंदलेली असते. पिवळी वायर या दोन्ही एकत्र करून पाठवते, म्हणून कडांवर ठिपके पळताना दिसतात. यंत्राला एस-व्हिडिओचे गोल तोंड असेल तर तेच वापरा. मात्र ते साध्या व्हीसीपीला नसते. पिवळ्या वायरवर काम भागवावे लागले तर ती आखूड आणि चांगली घ्या.

उभ्या रेषा थरथरतात, विहाराचा खांब नागमोडी दिसतो, हा दोष फिल्टरने जात नाही. त्याला टाइम बेस करेक्टर लागतो, म्हणजे प्रत्येक ओळ वेळेवर सरळ मांडणारी सोय. काही महागड्या व्हीसीआरमध्ये ती असते. नसेल तर जुन्या बाजारात डीव्हीडी रेकॉर्डर शोधा आणि व्हीसीआरचे चित्र त्यातून पुढे संगणकाकडे न्या. डिस्क बनवायची गरज नाही. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे नमुने याच गुणासाठी जगभर शोधले जातात.

ट्रॅकिंग प्रत्येक कॅसेटला हाताने लावा. मुंग्यांचा पट्टा खाली जाईपर्यंत फिरवत राहा. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झाले तेच अजून चालत असेल तर उत्तम.

पांढरे कपडे, निळे झेंडे

आपल्या कार्यक्रमांच्या चित्रीकरणात एक खास अडचण आहे. सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि वर लग्नाच्या शूटिंगचा हॅलोजन. कॅप्चर करताना उजेड जास्त ठेवला तर पांढऱ्या साड्यांचा एक सपाट डाग होतो. त्यात घड्या, पदर, कोण कोठे बसले आहे, काही उरत नाही. नंतर अंधार वाढवून ते परत येत नाही. म्हणून व्हर्च्युअलडबसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्राम उघडा, सर्वांत उजळ प्रसंग लावून पाहा आणि उजेड-कॉन्ट्रास्ट असे बसवा की आलेख १६ ते २३५ च्या आत राहील. चित्र थोडे फिके दिसले तरी चालेल. स्वस्त यूएसबी स्टिक स्वतःच उजेड वरखाली करते. ती सोय बंद करता येत नसेल तर दुसरी घ्या.

निळा आणि लाल रंग झेंड्याबाहेर सांडल्यासारखा दिसेल. व्हीएचएसमध्ये रंगाचा तपशील मुळातच फार कमी असतो. तो पसारा थोडा सावरता येतो, पूर्ण घालवता येत नाही. रंग भडक करण्याचा मोह टाळा.

फाईल कशी घ्यावी

आपल्याकडचे पाल चित्र सेकंदाला २५ फ्रेमचे, प्रत्येक फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रे एकाआड एक ओळीत. कॅप्चर ७२० बाय ५७६ मध्ये, तसेच्या तसे, हफवाययूव्हीसारख्या काही न गमावणाऱ्या पद्धतीत घ्या. तासाला साधारण ३० ते ४० जीबी जागा लागते. एवढी जागा नसेल तर डीव्ही घ्या, तासाला १३ जीबी. थेट एमपीफोर केले की मुंग्यांचे चौकोन होतात आणि ते कायमचे.

हलगी वाजवणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात ते या अर्ध्या चित्रांमुळे. दाखवायची प्रत करताना एफएफएमपेगचा बीडब्ल्यूडीआयएफ किंवा वेळ असेल तर क्यूटीजीएमसी वापरा आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. हात सुरळीत चालेल. हलणारी माणसे पुढे-मागे झटके खात असतील तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागला आहे. डीव्हीत खालचे आधी असते, बहुतेक कॅप्चर कार्डांत वरचे.

तळाशी फाटलेल्या काही ओळी दिसतील. जुन्या टीव्हीच्या चौकटीत त्या झाकल्या जात. त्यांवर काळी पट्टी टाका. आणि ४:३ चे चित्र ताणून रुंद करू नका, आजीचा चेहरा जाड होतो.

मुंग्या घालवणारा फिल्टर हलका ठेवा. एआयने चेहरे ठळक करणारी ॲप्स या कामाला वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ती हरवलेला तपशील परत आणत नाहीत, नवा बनवतात. सभेतल्या तिसऱ्या रांगेतल्या माणसाला जे नाक-डोळे मिळतात ते त्याचे नसतात, आणि मग ती फाईल पुरावा म्हणून कोणी धरणार नाही.

मूळ कॅप्चर दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या गावांत ठेवा. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. जागा गेली तर उरते ते चित्रच. फाईलच्या नावात वर्ष, गाव आणि प्रसंग लिहा. पाहताना घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि कोण कोण दिसते ते मिनिट-सेकंदासह वहीत उतरवून घ्या. कॅसेट फेकू नका. पूर्ण मागे फिरवून, पुस्तकासारखी उभी, भिंतीपासून लांब ठेवा.