मुंबई ते दुबई विमान : अंतर किती, वेळ किती आणि तारखेचा घोळ कुठं होतो?

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतून आखाती देशांत कामाला गेलेली माणसं बरीच आहेत. तिकीट आता मोबाईलवरच येतं. पण त्यावरची वेळ नीट वाचली नाही, तर विमान चुकतं आणि पैसेही बुडू शकतात.

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. वर गेल्यावर विमान ताशी ८०० ते ९०० किलोमीटरनं जातं. त्या हिशोबानं सव्वादोन तास पुरायला हवेत. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात वेळ जातो. त्यामुळं जाताना साधारण सव्वातीन तास लागतात, येताना तीनच्या आसपास. हा फरक वाऱ्याचा. उंचावर, विशेषतः हिवाळ्यात, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरात वाहतो. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं आहे. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचायची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. म्हणून मुंबईहून पहाटे ४ ला निघालेलं विमान दुबईत पावणेसहाला उतरलेलं दिसतं. पावणेदोन तासांतच पोहोचलं असं वाटतं, पण तसं नसतं. आपल्याकडं तेव्हा सव्वासात वाजलेले असतात.

खरा घोळ होतो तो तारखेचा. समजा तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० लिहिली आहे. म्हणजे १४ तारखेची रात्र बारा वाजून गेल्यावरचं विमान. १५ ला संध्याकाळी बॅगा भरत बसलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचावं, कारण सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. म्हणजे १४ ला रात्री साडेनऊला विमानतळावर हजर. खेड-दापोलीकडून रस्त्यानं सहा-सात तास धरले, तर १४ ला दुपारी बाराला घर सोडलेलं बरं. गणपतीच्या दिवसांत महामार्गावर गर्दी असते, तेव्हा आणखी लवकर. तीन तासांच्या विमानासाठी निम्मा दिवस गाडीत जातो, त्याला इलाज नाही.

येतानाही हाच हिशोब. दुबईहून रात्री १० ला निघालेला माणूस मुंबईत दुसऱ्या तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास उतरतो. आणायला जाणाऱ्या गाडीवाल्याला उतरायची तारीख सांगा, निघायची नाही.

तिकिटावर विमानतळाचं नावही बघून घ्या. दुबईचं मुख्य विमानतळ 'डीएक्सबी' आणि शारजाचं 'एसएचजे', ही दोन वेगळी शहरं आहेत.