आटपाडीचे स्वतंत्रपूर : शिक्षेचा जमाखर्च



कुलकरांच्या काळातली दंडनीती आपण व्याख्यानात ऐकलेली आहे. आधी ‘हा’कार, म्हणजे अरेरे, हे तू काय केलेस! तेवढ्याने भागेना तेव्हा ‘मा’कार, पुन्हा करू नकोस. मग ‘धिक्’कार. तिन्ही शिक्षा नुसत्या शब्दांच्या. माणसाला लाज वाटत होती तोवर त्या पुरल्या, पुढे कोंडणे आणि अवयव तोडणे आले.

शिक्षा कशासाठी, असे विचारले तर उत्तरे बरीच मिळतात. इतरांना धाक बसावा, गुन्हेगार काही काळ दूर राहावा, केल्याची फेड व्हावी, तो सुधारावा, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला काही परत मिळावे. मी कॉमर्सची, त्यामुळे प्रत्येक शिक्षेसमोर जमा काय आणि खर्च काय हे मांडून बघायची खोड आहे.

दंडाचेच बघा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणाऱ्याला चोवीस तासांची साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड होता. हे दहा रुपये २०२४ पर्यंत तसेच राहिले! १८६० साली दहा रुपये ही गरिबाला जड रक्कम होती, आपल्या काळात चहालाही पुरेना. धाक कसला राहणार? शिवाय दंड भरतात तो सरकारी तिजोरीत. ज्याच्या दारात धिंगाणा झाला त्याचे खाते कोरेच.

आता दुसरे टोक, काळे पाणी. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ पासून कैदी अंदमानला जाऊ लागले. सेल्युलर जेल बांधले १८९६ ते १९०६ या काळात. एकेकटी कोठडी आणि तेलाचा घाणा. राजकीय कैद्यांचे तिथे किती हाल झाले ते आपण शाळेत वाचले. पण साध्या गुन्हेगारांचा इतिहास कमी सांगितला जातो. काही वर्षे नीट वागलेल्या कैद्याला तिथे स्वतःच्या कमाईवर राहण्याची परवानगी मिळे, जमीन मिळे, स्त्री कैद्याशी लग्नही करता येई. त्यांची मुलेबाळे तिथेच वाढली, वस्त्या झाल्या. म्हणजे जी शिक्षा निव्वळ धाकासाठी काढली, तिच्यातही माणूस थाऱ्यावर आला तो शेत आणि संसार मिळाल्यावर. घाण्याला जुंपून कोणी सुधारल्याचे मला तरी कुठे दिसले नाही.

हेच आपल्याकडे कोणीतरी आधीपासून ठरवून करून पाहिले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांच्याकडे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनियर आला होता, भारतानंद म्हणत त्याला. (निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी पुस्तक पुढे यानेच केले.) १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण उंच भिंती नाहीत. दुष्काळी माणदेशातली जमीन कसायची आणि बायकामुलांसह राहायचे.

‘दो आँखें बारह हाथ’ आपण सगळ्यांनी पाहिला आहे. व्ही. शांतारामांनी १९५७ साली काढलेला तो चित्रपट याच प्रयोगावरून. कथा ग. दि. माडगूळकरांची, त्यांचे गाव माडगूळ आटपाडीच्याच भागातले. पण चित्रपटात सहा कैद्यांसोबत बायका नाहीत, संध्याची खेळणी विकणारी चंपा येते-जाते. खऱ्या स्वतंत्रपुरात मात्र घरधनीण सोबत असते, आणि मला वाटते प्रयोगाचा सगळा जीव तिथे आहे. एरवी नवरा तुरुंगात गेला की बायकोही शिक्षा भोगते, फक्त तिचे नाव निकालपत्रात नसते. कमाई थांबते, मुलांची शाळा सुटते, नातेवाईक तोंड फिरवतात. दहा वर्षांनी सुटून आलेल्या माणसाला परतायला घर उरलेले नसते, मग तो जुन्या साथीदारांकडेच जाणार.

खर्चाच्या बाजूनेही खुला तुरुंग परवडतो. पहारेकरी कमी लागतात, कैदी स्वतःचे कमावतो. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून असेच शिबिर आहे, तिथले कैदी सकाळी बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी घरी परततात.

पण हिशेब खरा मांडायचा तर दुसरी बाजूही लिहायला हवी. खुल्या तुरुंगात कोणालाही पाठवत नाहीत. बंद तुरुंगात काही वर्षे चांगले वागलेल्यांतून निवड होते, म्हणून यशाचे थोडे श्रेय निवडीलाही जाते. बायकांना तर अनेक राज्यांच्या नियमांत तिथे जागाच नव्हती. ज्याचा खून झाला त्याच्या विधवेला आरोपीचा हिरवागार मळा पाहून काय वाटेल, हा प्रश्नही मला सुटत नाही. पीडितांना भरपाई देण्यासाठी राज्यांनी योजना कराव्यात असे कलम कायद्यात आहे, पण ते २००८ च्या दुरुस्तीने आले. इतक्या उशिरा!

आणि आपल्या तुरुंगांतले चारातले तीन कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून चाललेला. त्यांच्यापुढे तर कुठलाच हेतू मांडता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. दारूच्या धिंगाण्याचा दंड आता हजार रुपयांपर्यंत आहे, आणि त्याऐवजी समाजसेवेची शिक्षाही देता येते. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याची पाच हजारांहून कमी किमतीची चोरी असेल आणि त्याने माल परत केला, तर त्यालाही समाजसेवाच. काम बिनपगारी, कोणते ते न्यायालय ठरवणार.