खोक्याचे दोन स्क्रू

टेबलाखाली ठेवायच्या संगणकाच्या खोक्याला मागे दोन स्क्रू असतात. ते काढले की बाजूचा पत्रा सरकतो आणि आतलं सगळं दिसतं: पंखा, मेमरीच्या पट्ट्या, हार्ड डिस्क, वायरींचं जंजाळ. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. पण मंडळी, विचार करा. बाजारातून वेगळ्याच कंपनीचा, जास्त क्षमतेचा भाग आणायचा आणि घरच्या घरी बसवायचा, अशी सोय फ्रीजमध्ये आहे? टीव्हीत आहे? मग संगणकालाच ती कशी मिळाली? शाळेत आयुष्यभर सनावळ्या शिकवल्या, ती सवय काही जात नाही. तेव्हा थोड्या सनावळ्या सहन करा.

घरी ठेवायचा संगणक लोकांच्या हाती आला तोच मुळी सुट्या भागांच्या रूपात. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. पैसे पाठवले की घरी भाग येत आणि डाग देऊन ते आपणच जोडायचे. मेमरी किती? २५६ बाइट! या लेखातला एखादा लांबसा परिच्छेदही त्यात मावला नसता. पण त्यात जास्तीची कार्डं बसवायला जागा होती, आणि लोकांनी ती भराभर भरली.

१९७७ चा ‘अ‍ॅपल टू’ तयार जोडलेला मिळे, पण त्याचंही झाकण सहज उघडे आणि आत कार्डांसाठी आठ खाचा होत्या. खाचा किती असाव्यात यावरून दोघा संस्थापकांत वाद झाला होता. स्टीव्ह जॉब्सना दोन पुरेशा वाटत होत्या, तर वॉझनियाक आठांवर अडून बसले. तेव्हा वॉझनियाक जिंकले. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मात्र जॉब्सचं म्हणणं खरं झालं. खाच एकही नाही, मेमरी डाग देऊन पक्की केलेली, आणि स्क्रू असे की साध्या पेचकसाने फिरतच नाहीत. संगणक उघडा असावा की बंद, हे भांडण इतकं जुनं आहे.

निकाल लागला तो तिसरीकडेच. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पीसी’ बाजारात आणला. ही कंपनी सगळं काही स्वतः घडवणारी म्हणून प्रसिद्ध, पण या वेळी तिला घाई होती. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या गटाला सुमारे वर्षभरात यंत्र उभं करायचं होतं. म्हणून त्यांनी बाहेरचे तयार भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे. ही कंपनी स्थापणारे जुगी टंडन हे भारतात जन्मलेले, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं! शिवाय कार्डांसाठी पाच खाचा ठेवल्या आणि इतरांना कार्डं बनवता यावीत म्हणून अंतर्गत रचनेच्या आकृत्या पुस्तकात छापून टाकल्या.

आयबीएमचं स्वतःचं असं फक्त ‘बायॉस’ उरलं, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा जागी होणारी सूचनावली. तीही पुस्तकात छापलेली होती, पण कॉपीराइटसकट. १९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅकने त्यावर तोड काढली. एका गटाने ती वाचून ‘ती काय काय करते’ एवढंच लिहून काढलं. ज्यांनी मूळ सूचनावली कधी पाहिलीच नव्हती अशा दुसऱ्या गटाने त्यावरून आपली स्वतःची लिहिली. मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर शेजाऱ्याचा पेपर न बघता तेच उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिलं. यात कॉपी कशी धरणार?

मग काय, हुबेहूब चालणाऱ्या यंत्रांचा पूर आला. १९८७ मध्ये आयबीएमने दार लावून घ्यायचं ठरवलं. ‘पीएस टू’ यंत्रांत ‘मायक्रो चॅनेल’ नावाची नवी खाच आणली. जुनी कार्डं तीत बसत नव्हती आणि इतरांनी ती वापरायची तर परवान्याचे पैसे मोजायचे. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी, जुनी कार्डं चालतील अशी खाच जाहीर केली. ती फारशी चालली नाही, पण मायक्रो चॅनेलही रुजली नाही. लोक जुन्या खाचेलाच धरून राहिले. ज्याने घर बांधलं त्यालाच आता कुलूप बदलता येईना. २००५ मध्ये आयबीएमने हा धंदाच लेनोव्होला विकून टाकला.

आपल्या घरांत संगणक आले ते या उघड्या दारातून. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून निघून गेली होती. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, आणि पुढे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली इथे ‘असेंबल्ड’ संगणक मिळू लागले. आमच्याकडेही धाकट्याने तसाच एक जोडला. पुढे त्याची मेमरी दोनदा वाढवली, हार्ड डिस्क बदलली, पण खोकं तेच राहिलं. दिवाळीच्या साफसफाईत त्याचीही पाळी असे. वीज काढायची, पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ झाडायची. यंत्र सुरूच होत नसेल तर मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसायचे. संपर्कावरचा मळ निघाला की पुष्कळदा गाडी रुळावर येते. तारीख सारखी मागे जात असेल तर तीन व्होल्टचा गोल सेल बदलायचा. १९८१ च्या पीसीत असं घड्याळच नव्हतं. दर वेळी डॉस तारीख-वेळ विचारत असे आणि आपण सांगायची!

१९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप ठरवून दिलं. स्क्रूची भोकं कुठे असावीत इथपर्यंत त्यात ठरलेलं आहे. म्हणून जुन्या एटीएक्स खोक्यात आजचाही मदरबोर्ड बहुधा बसतो.

आता मात्र दार पुन्हा लागू लागलं आहे. पुष्कळशा पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावरच पक्की असते. तिने वीज कमी लागते, जाडी कमी होते, हे खरंच आहे. पण आठ जीबी घेतलं की जन्मभर आठच. एक भाग गेला की सगळाच बोर्ड बदला. याविरुद्ध हालचालही सुरू आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा कायदा केला.

या सगळ्यातून मला एक गोष्ट जाणवते. आपल्या हातात पेचकस आला तो कुणाच्या उदारपणामुळे नाही. एका कंपनीची घाई आणि इतरांची स्पर्धा, यातून तो आला. आणि टिकला, तो बंद खोकं घ्यायला पुरेसे लोक तयार झाले नाहीत म्हणून. तेव्हा पुढचा संगणक घेताना रंग आणि जाडी जरूर बघा, पण दुकानदाराला एवढंही विचारा: ‘याची मेमरी नंतर वाढवता येईल का हो?’ असं विचारणारे पुरेसे झाले, तर खोक्याला ते दोन स्क्रू राहतील.