खांद्याचा हिशेब

१८९४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगावरच्या पन्नास शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. त्याच वर्षी लंडनमध्ये चार परिचारिकांनी मालिशचं शिक्षण घेतलेल्या बायकांची संस्था काढली. मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्या धंद्यांचा तेव्हा तिथे बोभाटा झाला होता, आणि आपलं काम निराळं आहे हे या चौघींना दाखवायचं होतं. आम्ही फिजिओथेरपिस्ट आमचं कूळ तिथवर नेतो. या दोन घटनांची गाठ पडायला मात्र अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

हॉल्स्टेड स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकसंध काढत. कर्करोग त्याच जागी उलटण्याचं प्रमाण त्यामुळे खरोखर घटलं, म्हणून त्यांचा शब्द पुढे कित्येक दशकं प्रमाण मानला गेला. जखम भरली की सर्जनचं काम संपलं. त्या बाईचा हात डोक्यापर्यंत जातो का, हे अहवालाच्या रकान्यात नव्हतं. काखेतली लसिकेची वाट तुटल्याने अनेकींचा हात सुजायचा. १९२१ मध्ये खुद्द हॉल्स्टेड यांनीच या सुजेवर लिहिलं आणि तिला हत्तीरोगाच्या जातीचं नाव दिलं.

खांद्याचा प्रश्न धसाला लावला तो टेरीस लॅसर नावाच्या एका रुग्णाने. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला तिचा स्तन काढला. हात कसा हलवायचा, ब्लाउजच्या आत काय भरायचं, हे कुणी सांगेना. तेव्हा ती बरी झाल्यावर स्वतःच रुग्णालयांत जाऊन नव्याने शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना भेटू लागली. सोबत रबरी चेंडू, दोरी आणि तात्पुरती भर. परवानगीविना वॉर्डात शिरणारी ही बाई डॉक्टरांना आवडली नाही, यात नवल ते काय? १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचं काम आपल्याकडे घेतलं. चेंडू आणि दोरी आम्ही अजून वापरतो.

आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती पोलिओचं बोट धरून. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचं रीतसर शिक्षण सुरू झालं, १९५५ मध्ये हाजीअलीची पुनर्वसन संस्था उभी राहिली. टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय परळला १९४१ पासून होतंच, के. ई. एम.च्या हाकेच्या अंतरावर. तरी मी १९८० च्या दशकात शिकले तेव्हा आमचा बहुतेक वेळ पोलिओ, लकवा आणि मोडलेल्या हाडांत जायचा. कर्करोगाच्या रुग्णाला व्यायाम कशाला, असं नातेवाईकच विचारत. जगले वाचले हेच खूप, असा एकूण सूर.

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम तेव्हाचाच. बाईला भिंतीसमोर उभं करायचं, बोटं जिथवर पोहोचतील तिथे पेन्सिलने रेघ मारायची. अंशांत कोन मोजायचं साधन खिशात असायचं, पण बायकांचं माप वेगळं होतं: वेणी घालता येते का, फळीवरचा डबा काढता येतो का, दोरीवर साडी वाळत टाकता येते का. मी नोंदवहीत तेच लिहायचे.

आमचे लोक व्यायामाचे गोडवे फार गातात. मला विचाराल तर खांद्यावर मोठे उपकार आहेत ते सुरी आखडती घेणाऱ्या सर्जनांचे. लंडनच्या पेटी यांनी १९४८ मध्ये छातीचा मोठा स्नायू जागच्या जागी ठेवला. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी यांनी चाचण्या घेऊन दाखवलं, की कमी कापलं तरी बाई तितकीच जगते. १९९० च्या दशकात काखेतली पहिली गाठ तपासून बाकीच्या वाचवता येऊ लागल्या.

सुजेबाबत आमच्या शाखेचा सल्ला मात्र हटवादी होता: त्या हाताने ओझं उचलायचं नाही, जन्मभर. पहाटे तासभर पाणी येणाऱ्या चाळीतल्या बाईला हंडा उचलू नको म्हणायचं, तर तो भरणार कोण? २००९ मध्ये कॅथरीन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या १४१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचललं तर सूज बळावत नाही, उलट त्रास कमी होतो, असं दिसलं. म्हणजे आधी तांब्या, मग कळशी, मग हंडा. असला सल्ला चाळीत पाळला जातो.

परळचा दुसरा खांदा पुरुषांचा, तंबाखूने आणलेला. तोंडाचा कर्करोग मानेतल्या गाठींत उतरतो. १९०६ मध्ये क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी त्या गाठी सरसकट काढायची पद्धत मांडली. पुढे रूढ झालेल्या तिच्या रूपात खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस, स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह, जायची. खांदा उतरायचा, पिशवीचा पट्टा त्यावर ठरायचा नाही आणि लोकलची कडी त्या हाताला दुरावायची. १९६३ मध्ये अर्जेंटिनाच्या सुआरेझ यांनी नस राखून गाठी काढायची रीत मांडली. राखलेली नसही ताणली गेलेली असते, ती महिनोन्‌महिने सुस्त राहते, आणि तेवढ्या काळात सांधा आखडू न देणं हे आमचं काम. जबड्याचं निराळंच. तोंड उघडायला आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, जमलं की आणखी एक सरकवायची. गुटख्याने आधीच आवळलेल्या तोंडात पहिल्या चार-पाच काड्यांनाच घाम फुटतो.

२०१५ मध्ये टाटातल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगातही मानेतल्या गाठी वाट न पाहता काढल्या तर जास्त रुग्ण जगतात. स्तनाच्या बाबतीत सुरी मागे सरली, इथे ती पुढे आली, आणि पुराव्यानेच आली. त्यामुळे ज्यांच्या गाठींत पुढे काहीच सापडत नाही, अशांचेही खांदे आता आमच्याकडे येतात. ते तिसऱ्या महिन्यात आखडून येण्याऐवजी जखमेतली ड्रेनची नळी निघाल्याबरोबर यावेत, एवढ्यासाठी आम्ही सर्जनच्या राउंडला मागे मागे फिरतो.